डेस्कटॉप बंद पडला? पार्ट आणायला निघण्याआधी घरीच एवढं तपासा

कर्जत तालुक्यातल्या कळंबसारख्या गावात डेस्कटॉप बंद पडला की खरा खर्च पार्टचा नसतो, दिवसाचा असतो. नेरळपर्यंत रिक्षा, तिथून लोकलने दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. इतकं करून रॅम आणली आणि बिघाड एसएमपीएसमध्ये निघाला तर दुसरा दिवसही गेला. दाखल्यांची किंवा ऑनलाइन फॉर्मची कामं करणाऱ्याचा असा दिवस जून-जुलैत जातो, नेमका अ‍ॅडमिशनच्या गर्दीत. म्हणून कुठला पार्ट गेलाय हे घरीच नक्की करायचं. त्यासाठी लागतात फक्त एक स्क्रू ड्रायव्हर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास.

आधी लक्षण नीट बघा. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, चालू होऊन पाच मिनिटांत बंद, की विंडोज येतं पण रखडतं? या चार वेगळ्या तक्रारी आहेत.

काहीच होत नसेल तर

सुरुवात भिंतीपासून. यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी मेलेली असणं हे फार नेहमीचं कारण आहे. सॉकेटमध्ये मोबाईल चार्ज होतोय म्हणजे लाइट व्यवस्थित आहे असं धरू नका. चार्जर १०० व्होल्टवरही चालतो. मल्टिमीटरने मोजा, २३० च्या आसपास हवं.

तिथेच अर्थिंगही मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण हेच असतं. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून येणारा अगदी बारीक करंट अर्थिंगमधून निघून जायला हवा. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर मेन्सच्या निम्मं, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतं. पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरची केबल लावताना तेच पोर्टमध्ये शिरतं. लोक याला 'थोडा करंट येतो, चालायचंच' म्हणतात. माझ्या मते नवीन पार्ट घेण्याआधी अर्थिंगवर खर्च करावा, नाहीतर नवा पार्टही त्याच वाटेने जाईल.

आता एसएमपीएस. भिंतीचा प्लग काढा, मदरबोर्ड, हार्ड डिस्क सगळ्यांची कनेक्शन्स सोडवा. २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर यांत कागदाला लावायची पिन वाकवून घाला, मग प्लग लावा. पंखा फिरायला हवा. फिरला तरी तेवढ्यावर 'ओके' म्हणू नका. काळ्या वायरच्या संदर्भाने मोजा: पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट. जांभळीवर ५ व्होल्ट तर हिरवी न जोडताही यायला हवेत. तेच नसतील तर कॉम्प्युटरला बटण दाबलेलंच कळत नाही. आकडे बरोबर येऊनही लोडवर एसएमपीएस कोलमडू शकतो, म्हणून शेजाऱ्याचा चालू एसएमपीएस अर्धा तास लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाजाने पिन घालू नका, अदलाबदलच करा.

एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर गेला की प्लग लावताक्षणी धडाम. (जाळीतून आत मेलेली पाल दिसली तर निदान झालंच. पावसाळ्यात उबेला येतात बिचाऱ्या.)

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच हवी. मग रॅम. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि कनेक्शन सुटतं. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढा, पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा, कचरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. असे कितीतरी 'मेलेले' कॉम्प्युटर खोडरबराने उठतात.

तारीख चुकतेय?

याला लोक इंटरनेटचा बिघाड समजतात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट अवैध वाटतं आणि सरकारी पोर्टल, बँक, काहीच उघडत नाही. विजांच्या भीतीने मेन स्विच बंद ठेवणाऱ्यांचा सेल लवकर उतरतो, कारण एरवी घड्याळ स्टँडबाय करंटवर चालतं. स्विच बंद ठेवणं बरोबरच आहे, सेल बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो.

चालू होऊन बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा, हीटसिंकमधली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट तपासा. नवी पेस्ट मटकीच्या दाण्याएवढीच लावा.

हार्ड डिस्क: इथे घाई नको

बाकी सगळं विकत मिळतं, डेटा मिळत नाही. विंडोज रखडत असेल तर आधी साटा केबल बदला. डिस्क 'टक् टक्' करत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. डिस्क तपासणी किंवा फॉरमॅटच्या भानगडीत पडू नका. आवाज नसेल तर सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा, मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तब्येत बघा. नवीन घेताना एसएसडीच घ्या, पण बोर्डवर एम.२ स्लॉट आहे की फक्त साटा, हे बघून.

निघताना

जुना पार्ट सोबत न्या. मदरबोर्डवरच्या मॉडेल नंबरचा आणि एसएमपीएसच्या सगळ्या कनेक्टरांचा फोटो काढा. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एसएमपीएसचा कनेक्टर वेगळा असतो, साधा बसत नाही. डीडीआर३ रॅमला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. एकीच्या जागी दुसरी बसणारच नाही. डीडीआर५ लाही २८८ आहेत, पण खाच वेगळ्या जागी.

मदरबोर्डच गेला असेल आणि मशीन डीडीआर३ च्या काळातलं असेल तर मी त्यात पैसे घालणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. शिवाय मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

नवा पार्ट बसवल्यावर, ढग गडगडायला लागले की पॉवरच्या प्लगबरोबर लॅन केबलही काढा. विजेचा झटका त्या तांब्याच्या वायरीतून येऊन नेटवर्क पोर्ट आणि कधी पूर्ण बोर्ड नेतो. आणि जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. बंद पडलेल्या डिस्कवरही गावभरच्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉपी शाबूत असू शकतात. ती उघडून आतल्या चकत्यांवर खिळ्याने खोल चरे ओढा, मगच टाका. चकत्या काचेच्याही असतात आणि फुटतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा असू द्या.