शेताच्या डिजिटल नोंदी: मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील नेहमीच्या अडचणी आणि उपाय

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस प्लॉटची मोजणी, माती नमुन्यांची ठिकाणे, पुरात बुडालेल्या क्षेत्राची नोंद अशी कामे आता मोबाईल आणि संगणकावर करता येतात. त्यासाठी कोबोकलेक्ट (माहिती भरणे), क्यूजीआयएस (नकाशा आणि क्षेत्र) व लिब्रेऑफिस (तक्ते) ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपयोगी आहेत. ती मोफत मिळतात. पण अडचण आली तर बहुतेक वेळा उपाय आपल्यालाच शोधावा लागतो. नेहमीच्या अडचणी मोजक्याच आहेत. त्या ओळखता आल्या तर बरेच काम जागेवर सुटते.

आधी नोंद वाचवा, मग दुरुस्ती करा

ॲप अडकले की "काढून टाका आणि पुन्हा घ्या" असा सल्ला लगेच मिळतो. कोबोकलेक्टच्या बाबतीत तो महागात पडतो. न पाठवलेले फॉर्म मोबाईलमध्येच असतात. ॲप काढले किंवा सेटिंगमधून त्याचे स्टोरेज साफ केले तर ते जातात आणि दिवसभराची शिवारफेरी वाया जाते. म्हणून आधी रेंजमध्ये येऊन पूर्ण झालेले सर्व फॉर्म पाठवा. अर्धवट मसुदे पूर्ण करून तेही पाठवा. संगणकावर काम करताना मूळ फाईलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रयोग प्रतीवरच करा.

अडचण १: प्लॉट नकाशावर भलतीकडे दिसतो

कोल्हापूर शहर अंदाजे १६.७० उत्तर अक्षांश आणि ७४.२४ पूर्व रेखांशावर आहे. तुमचा बिंदू कुठे पडला, यावरून चूक ओळखता येते.
- नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात: अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. क्यूजीआयएसमध्ये एक्स रकान्यात रेखांश (७४) आणि वाय रकान्यात अक्षांश (१६) द्या.
- आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात: दोन्ही आकडे शून्य आहेत. म्हणजे जीपीएसने ठिकाण घेतलेच नाही. त्या नोंदीसाठी पुन्हा प्लॉटवर जावे लागेल.
- जिल्ह्यातच, पण दूरच्या गावात: अंश-मिनिटे दशांशासारखी लिहिली गेली असतील. १६ अंश ४२ मिनिटे म्हणजे १६.४२ नव्हे. ४२ ला ६० ने भागून ०.७० येतात, म्हणून १६.७० लिहावे. या एका चुकीने बिंदू सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

अडचण २: क्षेत्राचा आकडा पटत नाही

२० गुंठ्यांच्या प्लॉटचे क्षेत्र ०.००००००१७ असे दिसले, तर मोजणी मीटरमध्ये न होता अंशांमध्ये झाली आहे. क्यूजीआयएसमध्ये लेअरवर राइट क्लिक करून एक्स्पोर्टमधून ती नव्याने सेव्ह करा आणि सेव्ह करताना ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम झोन ४३ उत्तर) निवडा. कोल्हापूर जिल्हा याच झोनमध्ये येतो. नव्या लेअरवर क्षेत्र काढले की उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. लेअरच्या माहितीत फक्त झोनचे नाव बदलू नका. त्याने बिंदू रूपांतरित होत नाहीत, उलट जागा चुकते.

एकके नीट पाहा. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठे म्हणजे १ एकर, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असे असते. तिथले ०.४०.५० म्हणजे ४,०५० चौरस मीटर.

अडचण ३: जीपीएसची चूक

२० गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट सुमारे ४५ मीटर बाय ४५ मीटर असतो. त्याची एक बाजू ३ मीटरने सरकली तर १३५ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याहून जास्त फरक पडतो. आडसाली उसाची नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो धरली, तर एवढ्या चुकीने साडेपाच किलोच्या आसपास नत्र, म्हणजे जवळपास १२ किलो युरियाचा हिशेब बिघडतो. लहान प्लॉटमध्ये ही चूक जास्त जाणवते.

उपाय असा: कोपऱ्यावर थांबा, ॲपमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा ५ मीटर किंवा त्याखाली येऊ द्या, मगच बिंदू घ्या. उंच ऊस किंवा झाडांखाली उभे राहू नका, मोकळ्या बांधावरून फिरा. मोबाईलवरची मोजणी खत, पाणी आणि बियाण्याच्या अंदाजासाठी आहे. हद्दीच्या वादात ती चालत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाचीच मोजणी लागते.

अडचण ४: मराठी अक्षरे किंवा गट नंबर बिघडतात

- तक्ता उघडला की गावाच्या नावाऐवजी अनोळखी चिन्हे दिसतात: लिब्रेऑफिसमध्ये सीएसव्ही फाईल उघडताना येणाऱ्या खिडकीत कॅरेक्टर सेट 'युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर याने सुधारत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.
- गट नंबर १२/३ ची तारीख होते: रकाना भरण्यापूर्वी त्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करा. फाईल उघडतानाही त्या रकान्याचा प्रकार टेक्स्टच ठेवा. एकदा तारीख झाली की नुसते स्वरूप बदलून मूळ गट नंबर परत येत नाही.
- रकान्यांची नावे तुटतात: शेपफाईलमध्ये नावाला १० बाइटच जागा असते आणि एक मराठी अक्षर साधारण ३ बाइट घेते. रकान्यांची नावे छोटी, इंग्रजी अक्षरांत ठेवा किंवा जिओपॅकेज प्रकारात सेव्ह करा.

अडचण ५: पाठवलेला नकाशा दुसऱ्याकडे उघडत नाही

शेपफाईल ही एक फाईल नसते. एकाच नावाच्या तीन-चार फाईल मिळून ती बनते. व्हॉट्सॲपवर त्यातली एकच पाठवली तर नकाशा उघडत नाही. सगळ्या फाईल झिप करून पाठवा. जिओपॅकेज एकाच फाईलमध्ये मावते, म्हणून ते सोयीचे.

इथे नसलेली अडचण कशी शोधावी

१. स्क्रीनवरचा इंग्रजी संदेश जसाच्या तसा उतरवा. त्यातले तुमच्या फोल्डरचे आणि फाईलचे नाव काढा, सॉफ्टवेअरचे नाव जोडा आणि शोधा. संदेशाचे मराठी भाषांतर करून शोधल्यास उत्तर सहसा मिळत नाही.
२. मिळालेला उपाय तुमच्या आवृत्तीचा आहे का, ते तपासा. क्यूजीआयएस आणि लिब्रेऑफिसमध्ये आवृत्ती हेल्प मेनूतील अबाउटमध्ये दिसते.
३. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही.
४. मदत मागताना पाच गोष्टी द्या: सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, मोबाईल की संगणक, काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले. सोबत दोन-तीन ओळींचा नमुना जोडा. त्यातून शेतकऱ्याचे नाव, मोबाईल आणि गट नंबर आधी काढा.

लिब्रेऑफिस मुळापासून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक अडचण आणि तिचा उपाय तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात नवा सहकारी आला की त्याच चुका पुन्हा घडतात, तेव्हा ही वही उपयोगी पडते. नोंदी वरिष्ठांकडे पाठवण्यापूर्वी किमान दोन-तीन प्लॉटचे क्षेत्र सातबाराशी आणि शेतकऱ्याच्या अंदाजाशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर आकडा तसाच पुढे पाठवू नका. पुन्हा बांधावर जा.