भिंतीपलीकडील राणी

हॉवर्ड कार्टर ह्याने १९२२ च्या नोव्हेंबरात तूतनखामेनचे थडगे उघडले, ही कथा बहुतेक वाचकांस परिचित आहे. परंतु ते थडगे राजाच्या मानाने फार लहान, ही शंका पुष्कळांच्या मनात सलत आली. २०१५ साली निकोलस रीव्ह्ज ह्या इंग्रज पंडिताने दफनगृहाच्या भिंतींच्या सूक्ष्म प्रतिमा न्याहाळताना गिलाव्याखाली काही सरळ रेषा पाहिल्या. ह्या बुजविलेल्या दारांच्या चौकटी असून उत्तरेच्या भिंतीआड नेफर्तिती, म्हणजे तूतनखामेनची सासू, चिरनिद्रा घेत आहे, असे अनुमान त्याने मांडले.

भिंत फोडावी तर सव्वातीन हजार वर्षांची चित्रे नष्ट होणार! म्हणून भूवेधी रडारास पाचारण करण्यात आले. हे यंत्र रेडिओलहरी आत सोडते. जेथे एक पदार्थ संपून निराळ्या विद्युद्गुणांचा दुसरा लागतो, तेथून त्यांचा काही अंश परततो आणि परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढता येते. आपल्याकडे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्यास भूमिगत धन दिसते, अशी समजूत होती. रडार हे तसले अंजन नव्हे. ते चित्र दाखवीत नाही, प्रतिध्वनी देते. आणि खडकातील साधी भेगही प्रतिध्वनी देतेच. त्याचा अर्थ लावणारा अखेर माणूस, व माणसास मन आहे.

हिरोकात्सू वातानाबे ह्या जपानी तज्ज्ञाने प्रथम तपासणी केली. तिच्या आधारे मार्च १९१६ नव्हे, तर आपल्याच काळात, मार्च २०१६ मध्ये, इजिप्तच्या मंत्र्याने दोन गुप्त दालनांची, त्यांत धातू व सेंद्रिय वस्तू असल्याची, घोषणा केली. पुढे नॅशनल जिऑग्राफिकच्या तुकडीस मात्र तसे काहीच आढळले नाही. मतभेद मिटविण्यासाठी तूरिनच्या फ्रांचेस्को पोर्चेल्ली ह्यांच्या पथकाने तिसऱ्यांदा शोध घेतला. मे २०१८ मध्ये निकाल लागला, की भिंतीआड दालन नाही.

प्रतिकूल निष्कर्ष जाहीर करावयास धैर्य लागते. प्रवाशांची रीघ लावणारी राणी हातची जात असतानाही तो जाहीर झाला, ह्यात त्या शास्त्राची खरी प्रतिष्ठा आहे, असे मला वाटते. नेफर्तितीचा देह अद्याप निर्विवादपणे ओळखला गेलेला नाही. उत्तरेची भिंत चित्रांसह अभंग उभी आहे.