हुतुतू कॉलेजात कसा आला

कबड्डीच्या जुन्या नियमपुस्तकात मैदान कशाचं असावं ते स्पष्ट सांगितलेलं आहे: शक्यतो माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा. सिंधुदुर्गात ही तिन्ही गोष्टी फुकट मिळतात, पण त्यांचं मैदान करणं सोपं नाही. इथे खाली जांभा असतो. वरची लाल माती पावसात वाहून जाते आणि ऑक्टोबरच्या उन्हात उरलेलीची ढेकळं होतात. मग कॉलेजची पोरं चाळण घेऊन बसतात. खडा न् खडा वेचला जातो, संध्याकाळी पाणी मारलं जातं, सकाळी रूळ फिरतो आणि सुतळी ताणून फक्कीने रेघा ओढल्या जातात. मुलांसाठी तेरा मीटर बाय दहा, मुलींसाठी बारा बाय आठ. मैदान नीट झालं की नाही हे अनवाणी पायालाच कळतं. अंगठा किंचित रुतला पाहिजे आणि टाच मात्र घसरता कामा नये.

ज्या खेळासाठी एवढी मेहनत घेतली जाते, तो शंभर वर्षांपूर्वी कुठल्याही विद्यापीठाच्या गावी नव्हता. महाराष्ट्रात तो हुतुतू होता, बंगालात हाडुडू, तमिळ मुलखात सडुगुडु. खेळ बहुतेक एकच, पण तोंडाने म्हणायचा शब्द निराळा. मैदान केवढं, गडी किती, बाद झालेल्याने काय करायचं, हे ज्या त्या गावात ठरे. दोन गावांचा सामना म्हणजे आधी तासभर वाद.

तो वाद मिटवायला सुरुवात झाली साताऱ्यात. 1918 मध्ये तिथे खेळाचे नियम पहिल्यांदा बांधले गेले. 1923 मध्ये ते छापून निघाले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्याला अखिल भारतीय सामने झाले. नियम कागदावर उतरल्यावर साताऱ्याचा गडी बडोद्याच्या गड्याशी वाद न घालता खेळू शकला. माझ्या मते कबड्डीचा खरा जन्म त्या छापील पानांत आहे. त्याआधी होती ती तिची अनेक भावंडं.

त्या काळात खेळाच्या तीन तऱ्हा चालत. 'अमर' प्रकारात शिवलेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण लिहिला जाई. 'गमिनी'त एकदा बाद झाला तो बादच, सगळा संघ संपेपर्यंत कडेला बसून राहायचं. आणि 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक उठून परत आत. नाव शुक्राचार्यांच्या विद्येवरून आलं आहे आणि ते चपखल आहे. आजची कबड्डी ही संजीवनीची वारस.

या निवडीने खेळाचा स्वभावच ठरवला. गमिनीत दुबळा संघ रिकामा होत जातो. चांगला गडी पहिल्याच चढाईत सापडला तर त्याचा दिवस संपला. संजीवनीत पाच जण बाहेर बसलेले असले तरी सामना हातचा गेलेला नसतो. आत उरलेल्या दोघांनी एक पकड केली की तिसरा धावत येतो. म्हणून बाहेर बसलेल्या गड्याचे डोळे रेघेवरून हलत नाहीत, त्याचं आत जाणं दुसऱ्याच्या हातात असतं. सगळेच बाद झाले तर लोण चढतो, समोरच्यांना जादा दोन गुण मिळतात आणि तरीही सातच्या सात परत उभे राहतात. एकट्या बहाद्दरावर हा खेळ फार वेळ चालत नाही. शिक्षणसंस्थेच्या अंगणात हाच खेळ रुजावा, याला त्याहून चांगलं कारण मला सापडत नाही.

पण विद्यापीठाचं दार सहज उघडलं नाही. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवला. 1938 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्याला जागा मिळाली. 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला. इकडे विद्यापीठांचं आंतरविद्यापीठ मंडळ 1925 पासून होतं आणि रोहिंटन बारिया करंडकाचे आंतरविद्यापीठ क्रिकेट सामने 1935 पासून भरत होते. कबड्डी मात्र विद्यापीठ क्रीडा नियंत्रण मंडळाच्या मुख्य खेळांत आली ती 1961 मध्ये, म्हणजे क्रिकेटनंतर सव्वीस वर्षांनी. शालेय खेळांत तिला स्थान मिळालं 1962 मध्ये. बॅट-पॅडचा खर्च पेलणाऱ्यांचा खेळ आधी आला आणि चड्डी-बनियनवर खेळणाऱ्यांचा मागाहून. हा अन्याय होता, आणि तो दूर व्हायला एक अख्खी पिढी गेली.

कोकणातल्या पोरांना त्या दिवसाची वाट पाहावी लागली, पण खेळाची नाही. गिरणगावात लालबाग-परळच्या चाळींत राहणारे रत्नागिरी जिल्ह्यातले कामगार (सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 मध्ये) पाळी सुटली की हुतुतू खेळत. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गावी येई तेव्हा मुंबईत शिकलेली पकडही सोबत येई. कापणी झालेल्या मळ्यात डाव मांडला जाई. पुढे पंचक्रोशीत कॉलेजं निघाली, तेव्हा जिमखान्याला गडी शोधत हिंडावं लागलं नाही.

आज जिल्ह्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयापासून फोर्टातलं विद्यापीठ साधारण पाचशे किलोमीटरवर. एवढ्या टोकाला राहून विद्यापीठाचा भाग असल्याची जाणीव विद्यार्थ्याला दोनदाच होते: परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा आणि अंगात कॉलेजचा बनियन घालून आंतरमहाविद्यालयीन सामन्याला निघतो तेव्हा. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी तो प्रवास रात्रभर एस.टी.चा होता. गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी उतरून वजनकाट्यावर उभं राहायचं. वजन मर्यादेबाहेर गेलं तर खेळता येत नाही, म्हणून आदल्या रात्री जेवण टाळणारी पोरं असत.

खेळाडूचं वर्ष कॅलेंडरसारखं जानेवारीत सुरू होत नाही. ते जूनमध्ये सुरू होतं, भर पावसात. मैदानावर चिखल, म्हणून सराव हॉलमध्ये नाहीतर व्हरांड्यात: जिने चढणं, बैठका आणि दमाचा सराव. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाई करायची आणि दम न सोडता मध्यरेषेला परतायचं. मधे उच्चार तुटला की पंचांचा हात वर. पाऊस ओसरला की निवड, मग विभागाचे सामने, त्यांतून विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभाग आणि 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव. या साखळीत कॉलेजचे बहुतेक संघ पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबतात. तरी गावातली माणसं कामं टाकून रेघेवर उभी असतात. चढाईपटू कोपऱ्यात सापडला की "धर तेका, सोडू नको!" आणि त्याने बोट जरी मध्यरेषेला टेकवलं तरी "गाठल्यान रे गाठल्यान!" जानेवारीत स्नेहसंमेलन, फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं, मार्चला परीक्षा. बुडालेले तास मित्रांच्या वह्यांतून भरून काढायचे. खेळाडूला सवलतीचे गुण आहेत आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणही आहे, ते योग्यच आहे.

2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीच्या या वर्षात मॅट आली. आता वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर, बूट घालून होतात. मातीत अंगठा रोवून घोटा पकड करणाऱ्याला मॅटवर पहिल्या दिवशी पायच सापडत नाही. मॅटवर बूट जमिनीला चिकटतो, वळण झटक्यात घ्यावं लागतं आणि गुडघ्यावर ताण येतो. उलट मॅटवरचा गडी मातीत सूर मारायला कचरतो, कोपरं सोलवटतात म्हणून. शहरातल्या कॉलेजला मॅट रोज मिळते, इथल्या मुलांना बहुतेक थेट सामन्याच्या दिवशी. 1961 मध्ये जे अंतर मिटलं असं वाटलं होतं, ते या गुंडाळी करून ठेवता येणाऱ्या वस्तूने पुन्हा उभं केलं आहे. माती सोडू नये असं मला मनापासून वाटतं, पण विद्यापीठाने सामने मॅटवर घ्यायचे तर प्रत्येक तालुक्याला एक मॅट सरावाला दिलीच पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर ही निकड जास्त आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा कलकत्त्याला 1955 मध्येच सुरू झाल्या होत्या. आशियाई खेळांत महिला कबड्डी आली 2010 मध्ये, ग्वांगझूला. 2012 च्या पाटणा विश्वचषकात जिंकलेल्या भारतीय संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. मुलगा मॅटवर कमी पडला तर गावातल्या मंडळाकडून मातीवर खेळत राहतो. मुलीला बहुतेकदा मंडळ नसतं. तिच्या हाती कॉलेजची तीन वर्षं असतात, पहाटेचा सराव असतो आणि घरच्यांनी सामन्याला पाठवायचं कबूल केलेले ते चार दिवस असतात.