रुळांवरचा मैला

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा प्रवाशांचा मैला पडायची जागा ठरलेलीच होती: रूळ. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तर ऊन-पाऊसही पोचत नाही, आणि ट्रॅकमनला तिथूनच पायी तपासणी करावी लागते. प्रवाशाची सुटका झाली, घाण मात्र दुसऱ्याच्या पायाखाली गेली. रत्नागिरीला हा प्रश्न नवा नव्हता. १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात कैदी असलेल्या गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचं काम मागितलं. ते नाकारल्यावर त्यांनी अन्नसत्याग्रह केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास धरला. मैला कुठे टाकायचा यापेक्षा तो कुणी उचलायचा, हे आप्पासाहेबांनी आधी विचारलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खत देणाऱ्या संडासांचा मार्ग दाखवला.

आता डब्यांना जैवशौचालयं बसली, मग प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. रूळ स्वच्छ झाले, हे मोठंच काम. पण या शौचालयांच्या टाकीत मैला पचवणारे जिवाणू प्लॅस्टिकची बाटली पचवत नाहीत. तुंबलेली टाकी कुणाला तरी उघडावीच लागते. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणं गुन्हा ठरवलं आहे. म्हणून टाकी यंत्राने उपसण्याची सोय डब्याच्या आराखड्यातच हवी, डेपोतल्या कामगारावर सोडलेली नको.