अण्णांचा आकडा

परवा ट्रंक आवरताना अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, जुनी वही सापडली. पानंच्या पानं नुसते आकडे! नात म्हणाली, "आजी, हे कसलं गणित?" म्हटलं, बाई गं, हा मटका.

मडकं खरं तर नंतर आलं. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यांवर पैजा लागायच्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ साली ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीचा मटका काढला, १९६४ मध्ये रतन खत्रीने 'न्यू वरळी'. दहातला एक आकडा, लागला तर रुपयाला नऊ. (यात तोटाच आहे हे माझ्या सातवीच्या पोरांनीही सांगितलं असतं!) गिरणगावात घरोघरी हे वेड. १९८२ च्या संपात अण्णांची गिरणी गेली, आकडा राहिला.

२००९ च्या सुमारास त्यांना स्मृतिभ्रंश झाला. जेवलेलं आठवेना, पण कोपऱ्यावरची वाट पाय विसरले नाहीत. पैसे लावून घरी यायचे, विसरायचे, पुन्हा जायचे. दिवसातून तीन-तीनदा.

१८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा अड्ड्यावर धाड घालतो. १८७२ च्या करार कायद्यात तर स्पष्ट आहे की करार करताना माणसाला त्याचा अर्थ कळत असला पाहिजे. शिवाय पैजेचा करार मुळातच रद्द. पण दहा-वीस रुपयांसाठी वहिनी कुठल्या कोर्टात जाणार? त्या थेट चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे गेल्या. "भाऊ, यांना आता कळत नाही. पैसे घ्या, खोटी चिठ्ठी द्या, संध्याकाळी मी येऊन पैसे नेईन." आणि तो शेवटपर्यंत तसं वागला हो! धंदा वाईटच, पण माणूस ओळखीचा होता.

मोबाईलवरच्या रमीला असं कोण सांगणार? ओळखीतले एक निवृत्त मास्तर रात्री खेळायचे आणि सकाळी बँकेचा मेसेज बघून चोरी झाली म्हणून ओरडायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, बरं झालं. त्यांच्या मुलाने मात्र त्याआधीच, वडिलांना समजून सही करता येत होती तोवर, खातं जोडनावावर केलं. मोबाईलशी जोडलेल्या खात्यात आता खर्चापुरतेच पैसे असतात.

असो. वहीच्या शेवटच्या पानांवर वहिनींचं अक्षर आहे. तारीख, आणि पुढे 'तीस परत'. दुसऱ्या दिवशी 'वीस परत'.