कॅमेऱ्याची नवी बॉडी : घ्यावी की थांबावे?

रात्रीची वेळ. आरे वसाहतीतील वारली पाड्याचा अरुंद बोळ आणि त्या बोळातून निःशब्दपणे जाणारा बिबट्या. छायाचित्रकार नयन खानोलकर यांच्या या छायाचित्राला लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०१६ मध्ये शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या उपनगरात टिपलेले हे चित्र जगभर पाहिले गेले. ते ज्या कॅमेऱ्याने टिपले तो मात्र हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यातला होता. तो निकॉनचा डी ७००० हा २०१० साली बाजारात आलेला, सोळा मेगापिक्सेलचा कॅमेरा होता आणि त्याला १८-१०५ मिलिमीटरचे साधे झूम भिंग लावलेले होते. पारितोषिक जाहीर झाले तोवर त्याच मालिकेतील डी ७१०० आणि डी ७२०० हे दोन वारसदार दुकानांत येऊन गेले होते.

यावरून ‘कॅमेऱ्याला महत्त्व नाही’ असा सोपा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. या चित्रासाठी तीन फ्लॅश वापरले होते. प्राणी समोरून जाताच कॅमेरा चालू करणारी अवरक्त किरणांची यंत्रणा होती. फ्लॅशची मांडणी बोळातल्या नेहमीच्या दिव्यांच्या उजेडाशी जुळेल अशी केली होती आणि हवे ते चित्र मिळेपर्यंत चार महिने गेले. म्हणजे साधनांवर खर्च झाला, पण चित्राची अडचण जिथे होती तिथे झाला. अडचण प्रकाशाची आणि वेळ साधण्याची होती, बॉडीची नव्हती. नवी बॉडी घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्गही हाच आहे. आपली चित्रे नेमकी कुठे अडतात, हे आधी ठरवले पाहिजे.

मेगापिक्सेलचे गणित

जाहिरातीत सर्वांत ठळक दिसणारा आकडा मेगापिक्सेलचा असतो. बारा मेगापिक्सेलवरून चोवीसवर गेल्यास चित्र दुप्पट तपशीलवार होते, असा समज आहे. तो खरा नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप आहे. बारा मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण ४,३०० बिंदूंची असते, चोवीसची ६,००० बिंदूंची. म्हणजे आकडा दुप्पट झाला तरी रुंदीतील वाढ चाळीस टक्केच असते.

मुद्रणाचा हिशेबही करून पाहावा. इंचाला ३०० बिंदू या दर्जाने ८ बाय १२ इंचांची प्रत काढण्यास ३,६०० बाय २,४०० बिंदू, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलहून कमी लागतात. घरच्या फोर-के दूरचित्रवाणी संचावर सुमारे ८.३ मेगापिक्सेल मावतात. ज्यांची छायाचित्रे अल्बममध्ये, संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर पाहिली जातात, त्यांना दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातील बिंदूही पुरून उरतात. चित्राचा छोटा भाग कापून मोठा करणारे पक्षी-छायाचित्रकार आणि भिंतभर प्रती काढणारे व्यावसायिक यांना मात्र अधिक बिंदूंचा खरा उपयोग होतो.

अंधार : आधी भिंग, मग बॉडी

‘रात्रीचे फोटो खरखरीत येतात’ ही नवी बॉडी घेऊ पाहणाऱ्यांची सर्वांत सामान्य तक्रार. बोरिवलीतील नवरात्रीचा गरबा असो वा घरातला बारशाचा कार्यक्रम, प्रकाश कमी पडला की आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात. मोठ्या संवेदकाची बॉडी यावर उपाय आहे, हे खरे. पूर्ण चौकटीचा म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा संवेदक हा सर्वसामान्य डीएसएलआरमधील एपीएस-सी संवेदकापेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून थोडा मोठा असतो आणि साधारण त्याच प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो.

आता भिंगाचा विचार करू. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटर एफ १.८ हे भिंग बहुतेक प्रमुख कंपन्यांच्या यादीतील स्वस्त भिंगांपैकी एक असते. एफ ५.६ ऐवजी एफ १.८ वापरल्यास जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. जिथे आयएसओ ६४०० ठेवावा लागत होता तिथे ६४० च्या आसपास काम भागते. बॉडी बदलून सव्वादोन पट आणि भिंग बदलून दहा पट, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. छिद्र इतके उघडल्यावर स्पष्टतेची खोली कमी होते, त्यामुळे लक्ष्य अचूक साधावे लागते, एवढे पथ्य पाळायला हवे. शिवाय बॉडी जुनी झाली तरी चांगले भिंग पुढची अनेक वर्षे सोबत राहते.

बॉडी खरोखर जिथे अडते

तरीही काही कामे अशी आहेत, की तिथे जुनी बॉडी हीच अडचण असते.

पहिले काम उडत्या पक्ष्यांचे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मुलुंड-भांडुपच्या पक्षीनिरीक्षकांना ही खाडी घराजवळचीच. चिखलात चरणारा रोहित पक्षी कोणत्याही कॅमेऱ्याने टिपता येतो, मात्र थवा उडाला की सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेगवान शटर, सलग चित्रे घेण्याची गती आणि हलत्या लक्ष्याचा पाठलाग करणारी यंत्रणा लागते. या यंत्रणेत अलीकडच्या वर्षांत मूलभूत बदल झाला आहे. २०२० मध्ये आलेल्या कॅननच्या आर ५ व आर ६ या कॅमेऱ्यांत पक्ष्याचे डोके आणि डोळा ओळखून त्यावर लक्ष्य धरून ठेवण्याची सोय होती. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही आता ती दिसते. जुन्या डीएसएलआरमध्ये, भिंग कितीही चांगले असले तरी, ही सोय येत नाही.

दुसरे काम रंगमंचाचे. मुलुंडच्या कालिदास किंवा विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात प्रयोग सुरू असताना डीएसएलआरच्या आरशाचा खटका तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास आवाज मुळीच होत नाही. एलईडी दिव्यांखाली या शटरने चित्रावर पट्टे उमटू शकतात, म्हणून प्रयोगापूर्वी चाचणी घ्यावी.

तिसरे काम अंधाऱ्या, स्थिर वास्तूचे. कान्हेरीच्या लेण्यांत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. संवेदकच हलवून हाताचा कंप भरून काढणारी बॉडी असेल तर चैत्यगृहातील स्तंभांचे चित्र हातात कॅमेरा धरूनही स्वच्छ येते. मात्र ही सोय छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. घाटकोपरच्या दहीहंडीत थरावर चढणारा गोविंदा अस्पष्ट आला, तर तो दोष शटरच्या वेगाचा असतो.

चौथे काम चित्रफितीचे. फोर-के चित्रण ज्यांच्या व्यवसायाचा भाग आहे, त्यांना जुन्या बॉडीची मर्यादा वेगळी सांगायला नको.

माउंटचा प्रश्न

बॉडी बदलण्याच्या निर्णयात भिंगे कोणत्या माउंटची आहेत, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे झेड आणि आरएफ हे नवे माउंट आणले. २०२० मध्ये निकॉनचा डी ६ आणि कॅननचा १ डी एक्स मार्क ३ हे मोठे डीएसएलआर आले खरे, पण त्यानंतर दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेसवरच राहिला आहे.

जुनी भिंगे अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर चालतात, पण सगळी सारखी चालत नाहीत. कॅननच्या ईएफ भिंगांत मोटर भिंगातच असल्यामुळे ती आरएफ बॉडीवर स्वयंचलित लक्ष्य साधतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी भिंगांत मोटर नसते, त्यांचा स्क्रू बॉडीतील मोटर फिरवते. डी ७००० मध्ये ती मोटर होती. २००६ च्या डी ४० मध्ये ती नव्हती आणि झेड माउंटसोबतच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. त्यामुळे अशा भिंगांचे लक्ष्य नव्या बॉडीवर हाताने साधावे लागते. घरात वडिलांच्या काळची दोन-तीन भिंगे असतील, तर प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहून घेऊनच दुकानात जावे. नाहीतर बॉडीच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा भिंगांवर होतो आणि तो पावतीवर दिसेपर्यंत लक्षात येत नाही.

जुना कॅमेरा खरेच थकला आहे का?

चित्रे निस्तेज येऊ लागली की कॅमेरा जुना झाला असे वाटते. उपनगरांतल्या दमट हवेत दोष बरेचदा भिंगातील बुरशीचा असतो. भिंग प्रकाशासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, ते पाहावे. कॅमेरा पिशवीत बंद न ठेवता ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या पेटीत ठेवावा. पेटी नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला तरी चालतो, पुड्या मात्र वेळोवेळी बदलाव्यात.

शटरचे आयुष्य मोजता येते. डी ७००० चा शटर दीड लाख उघडझापींपर्यंत तपासलेला आहे, असे कंपनी सांगते. हौशी माणूस वर्षाला पाच हजार चित्रे काढत असेल, तर हा आकडा गाठायला तीस वर्षे लागतील. बॅटरी लवकर उतरत असेल, तर आधी बॅटरी बदलून पाहावी.

पन्नास चित्रांची कसोटी

खरेदीपूर्वी एका रविवारची दुपार पुढील कामासाठी द्यावी. गेल्या वर्षभरातील फसलेली पन्नास चित्रे निवडावीत. प्रत्येक चित्रासोबत शटरचा वेग, छिद्र आणि आयएसओ यांची नोंद संगणकावर दिसते. ती पाहून प्रत्येकाच्या फसण्याचे कारण लिहावे. शटर संथ होता का, प्रकाश कमी होता का, भिंग पोहोचत नव्हते का, लक्ष्य चुकले का, की चौकट आणि वेळ साधली नाही?

चौकट आणि वेळ चुकलेली चित्रे जास्त असतील, तर नवी बॉडी काहीही करू शकणार नाही. सराव हाच उपाय. प्रकाश कमी पडला असेल, तर मोठ्या छिद्राचे भिंग किंवा फ्लॅश. हात हलला असेल, तर ट्रायपॉड. शटर पुरेसा वेगवान असूनही हलत्या विषयावरचे लक्ष्य पुन्हा पुन्हा सुटले असेल, आयएसओ वाढवल्यावर चित्र बिघडत असेल आणि मोठ्या छिद्राचे भिंग आधीच वापरात असेल, किंवा आवाजामुळे कॅमेरा खाली ठेवावा लागत असेल, तर बॉडीची मर्यादा सिद्ध झाली. मग खर्च करण्यास संकोच नको.

खरेदी करताना

हवी असलेली बॉडी शक्य झाल्यास दोन दिवस भाड्याने घ्यावी आणि जिथे चित्रे अडतात तिथेच वापरून पाहावी. दुकानातल्या उजेडात प्रत्येक कॅमेरा उत्तमच चालतो. फोर्टमधील बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी मार्गाच्या परिसरात नवे-जुने कॅमेरे मिळतात. जुनी बॉडी घेताना शटरची मोजणी पाहावी, पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून संवेदकावर डाग आहेत का ते तपासावे. नवी घेताना भारतातील हमीपत्र आणि जीएसटीचे बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या बॉडीला बहुधा कंपनीची येथील हमी नसते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या दरांच्या आठवणीवर अंदाजपत्रक बेतू नये.

त्याच अंदाजपत्रकात एका बाह्य हार्ड डिस्कची जागा ठेवावी. बॉडी बिघडली तर दुसरी मिळते, चित्रे गेली तर मिळत नाहीत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या चाळी आणि बैठी घरे पुनर्विकासात भराभर जात आहेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या बॉडीची वाट पाहत कॅमेरा कपाटात राहिला, तर ज्या जिन्याचे किंवा अंगणाचे चित्र काढायचे होते तेच तोवर उरलेले नसेल. निर्णय होईपर्यंत हातातल्या कॅमेऱ्याने चित्रे काढत राहावे. पन्नास चित्रांच्या कसोटीलाही शेवटी तीच लागतात.