महालक्ष्मी रेसकोर्स

महालक्ष्मी रेसकोर्स हे मुंबईतील अश्वशर्यतींचे ऐतिहासिक मैदान आहे. ते पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकाच्या पश्चिमेस, हाजी अली दर्ग्यापासून जवळच्या अंतरावर वसलेले आहे. येथे १८८३ पासून शर्यती भरतात. मैदानाचे व्यवस्थापन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ही संस्था पाहते. दक्षिण मुंबईच्या दाट वस्तीत दोनशे एकरांहून अधिक मोकळी जागा उरलेली असल्यामुळे हे मैदान केवळ क्रीडेच्याच नव्हे, तर नगरनियोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले आहे.

इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खाडीमुखावर हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला गेला. त्यामुळे भरतीचे पाणी आत येणे थांबले आणि दलदलीची सखल जमीन हळूहळू वापरात आली. मुंबईतील शर्यती पूर्वी भायखळा येथे होत असत. त्या काळी आखातातून समुद्रमार्गे येणाऱ्या अरबी घोड्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. शहर वाढत जाऊन भायखळ्याची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा महालक्ष्मीच्या सखल भागात नवे मैदान आखण्यात आले. त्याची रचना ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर असल्याचे मानले जाते. टर्फ क्लबला १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. येथील प्रेक्षागृहांचा समावेश मुंबईच्या वारसा वास्तूंच्या यादीत होतो.

शर्यती

मुंबईचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. पावसाळ्यात शर्यती पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्सवर होतात. त्यामुळे घोडे, जॉकी, प्रशिक्षक व मोतद्दार यांचा सारा संसार दरवर्षी या दोन शहरांमध्ये ये-जा करीत असतो.

इंडियन डर्बी ही येथील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत होय. ती १९४३ मध्ये प्रथम झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने ती जिंकली. चार वर्षे वयाच्या घोड्यांसाठी असलेली ही शर्यत २,४०० मीटर अंतराची असून सामान्यतः फेब्रुवारीत होते. भारतात शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू वर्षातील कोणत्याही महिन्यात जन्मले, तरी हाच नियम लागू होतो.

मैदानावर शर्यतींखेरीज अन्य अश्वक्रीडाही चालतात. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या अॅमॅच्युअर रायडर्स क्लबच्या वतीने येथे घोडेस्वारीचे शिक्षण दिले जाते, तसेच पोलो व अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धा भरवल्या जातात.

अश्वउद्योग

शर्यतीच्या काही मिनिटांमागे वर्षानुवर्षांचे श्रम असतात. थरोब्रेड जातीच्या घोड्यांची वंशावळ काटेकोरपणे नोंदवली जाते. पैदास केंद्रे, पशुवैद्य, नालबंद, मोतद्दार, चारा पुरवणारे शेतकरी व घोडे वाहून नेणारे वाहनचालक अशा अनेकांचा चरितार्थ या व्यवसायावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात पैदाशीचे मुख्य केंद्र पुणे परिसर हे आहे. तेथील पूनावाला कुटुंबाचे पैदास केंद्र १९४६ मध्ये सुरू झाले.

या व्यवसायाचा एक परिणाम आरोग्यक्षेत्रातही दिसतो. घोड्याला विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचली असता त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती रक्तद्रवातून वेगळी काढून धनुर्वात, सर्पदंश इत्यादींवरील औषध बनवतात. पूनावाला यांच्या केंद्रातील निवृत्त घोडे याच कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. त्यातूनच असे औषध स्वतः तयार करण्याची कल्पना पुढे आली आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली.

पैजा व कायदा

टर्फ क्लबच्या उत्पन्नाचा मोठा भाग पैजांमधून येतो. घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नसून त्यात कौशल्य प्रधान असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यामुळे शर्यतीवरील परवानाप्राप्त पैज जुगारापासून वेगळी मानली जाते. करआकारणीत मात्र तिला सवलत नाही. वस्तू व सेवा कराचा पैजांवरील २८ टक्के दर सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के करण्यात आला. शर्यतींमुळे घोड्यांना होणाऱ्या इजा आणि निवृत्तीनंतरचे त्यांचे संगोपन यांविषयी प्राणिमित्र संघटना आक्षेप घेतात.

जमिनीचा प्रश्न

मैदानाची जमीन अंशतः राज्य शासनाच्या व अंशतः मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची आहे. १९१४ पासून ती भाडेपट्ट्याने दिलेली होती. या पट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली आणि जमिनीच्या भवितव्याविषयी दीर्घकाळ वाद चालला. २०२४ मध्ये झालेल्या निर्णयानुसार सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे आणि ९१ एकर जागा २०५३ पर्यंत टर्फ क्लबकडे राहणार आहे. सागरी किनारा मार्गालगतची भराव घातलेली जमीन या उद्यानाला जोडून सुमारे ३०० एकरांचे सलग हरित क्षेत्र निर्माण करण्याची योजना आहे.

मर्यादित वर्गाच्या ताब्यातील जागा सर्वांना खुली होईल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. मैदानाच्या आतील भागात नागरिक पूर्वीपासूनच सकाळ-संध्याकाळ फिरावयास येतात. नव्या योजनेत बांधकाम वाढून हीच मोकळी जागा आक्रसेल, अशी विरोधकांना भीती वाटते. शर्यतीचा वारसा आणि नागरिकांचा मोकळ्या जागेवरील हक्क यांचा मेळ कसा घातला जातो, यावर मैदानाचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.

हेही पाहा

हाजी अली दर्गा
हाफकिन संस्था
पुणे रेसकोर्स